झरीनाल्याच्या दोन काठांची वाघीण

आलापल्लीच्या लाकूड डेपोच्या मैदानावर वनरक्षकांचा मेळावा भरायचा होता, पण मांडवात माणूसच येईना.

म्हणजे माणसं आली होती. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांच्या जंगलांतून दोनशेवर खाकी सदरे गोळा झाले होते. कोणी एस.टी.ने, कोणी लाकडाच्या ट्रकवर बसून, कोणी वाटेतले ओढे सायकल खांद्यावर घेऊन ओलांडत. शहाऐंशी सालचा जानेवारी होता आणि सकाळची थंडी चांगलीच झोंबत होती. अडचण होती ती वाटेची. डेपोचा चौकीदार पोचू याने मोठ्या हौसेने फाटकापासून मांडवापर्यंत एक वाट सजवली होती. दोन्ही बाजूंना चुन्याने रंगवलेले दगड, आणि मधे वारुळाची माती चाळणीने चाळून, पोत्याने सारखी करून पसरलेली. साहेबांचे बूट मळू नयेत, एवढाच त्याचा हेतू.

आता चाळलेली माती कशासाठी असते, हे जंगलातल्या गार्डाला कोणी सांगावं लागत नाही. वाघ काही मोजायला रांगेत उभा राहत नाही. म्हणून त्याच्या पायाचे ठसे मोजायचे. ते नीट उमटावेत म्हणून उन्हाळ्यात पायवाटांवर अशीच बारीक माती पसरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच जाऊन पाहायची. त्या मातीवर स्वतःचा पाय पडता कामा नये. नव्या गार्डाच्या हे अंगवळणी पडेपर्यंत जुने गार्ड त्याच्या पिंढरीवर काडी मारतात. त्यामुळे झालं असं, की दोनशे माणसं त्या सुंदर वाटेपाशी येत, थबकत आणि निमूटपणे बाजूने वळून, सागवानाचे थर आणि मांडवाचे दोर यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून एकेक करून आत शिरत. फटीपाशी ही गर्दी उसळलेली, आणि वाट आपली रिकामी.

चंद्रपूरहून आलेले मोठे साहेब व्यासपीठावरून पाहत होते. त्यांनी विचारलं, "अरे, वाट सोडून तिकडून का येताय सगळे?"

"साहेब," दोरावरून पाय उचलता उचलता लटारू मोहुर्ले म्हणाला, "तिच्यावर आमचा पाय पडला तं वाघाचा कुठी पडन?"

सगळं मैदान हसलं. साहेबही हसले. पोचू तेवढा हिरमुसला.

या हसण्यात देवाजी उंदिरवाडे नव्हता. चिचबोडी बीटाचा, म्हणजे जंगलाच्या तेवढ्या तुकड्याचा, हा गार्ड, पन्नाशीला टेकलेला, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. तो फटीपाशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येक माणसाचं तोंड पाहत होता. त्याला एकच माणूस हवा होता, आणि तो माणूस दिसू नये असंही त्याला वाटत होतं.

तो माणूस म्हणजे जंगू तलांडी.

देवाजीच्या थोरल्या मुलीचं, कांताचं लग्न पंधरवड्यावर आलं होतं. लग्न ब्रह्मपुरीजवळच्या त्याच्या मूळ गावी व्हायचं होतं. बायको मनकर्णा आणि मुलगी आधीच तिकडे गेल्या होत्या, आणि मेळावा संपला की देवाजीही इथूनच तिकडची एस.टी. धरणार होता. निघताना कांता एस.टी.च्या खिडकीतून वाकून म्हणाली होती, "बाबा, जंगूकाकाले बोलावल्याबिगर गावाले येजो नोका. काका नाई आले तं मी मांडवात उभी राहनार नाई." कांता बोलायला कमी आणि बोलली की बोललेलं करणारी. मनकर्णाने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवून घेतलं. तिचंही मत तेच होतं.

पोरीचा हट्ट वावगा नव्हता. चिचबोडी आणि कुसुमटोला हे दोन बीट एकमेकांना लागून. मधे झरीनाला. अलीकडे देवाजी, पलीकडे जंगू. दोघांची घरं सोडली तर कित्येक मैल खाकी सदरा दिसायचा नाही. कांता अर्धी वाढली ती जंगूच्या अंगणात. त्याची बायको सोमारी तिच्या केसांना तेल लावायची, आणि जंगू तिला गोंडी आकडे शिकवायचा. इतके शिकवले, की पहिलीच्या वर्गात मास्तरांनी गणती म्हणायला सांगितली तेव्हा पोरगी एक, दोनपर्यंत नीट गेली आणि पुढे मूंद, नालूंग करत सुटली. मास्तरांनी देवाजीला बोलावून घेतलं. देवाजीने जंगूला सांगितलं. जंगू आठवडाभर हसत होता.

आणि असल्या दोस्तीत एका वाघिणीवरून माती पडली.

त्या वाघिणीच्या मागच्या डाव्या पायाचं बाहेरचं बोट जरा फाकलेलं. उंबऱ्याबाहेरच्या चपला पाहून घरात कोण आलंय ते ओळखावं, तसा तो ठसा दोघेही ओळखायचे. दोन वर्षांपूर्वी, मोजणीच्या आठवड्यात जंगूला तो नाल्याच्या पलीकडे सापडला, देवाजीला अलीकडे. दोघांनीही रीतीप्रमाणे ठशाभोवती पत्र्याची पट्टी गोल उभी केली, आत प्लास्टर कालवून ओतलं, आणि वाळल्यावर ते पांढरं पाऊल उचलून रेंज ऑफिसात नेऊन दिलं. जंगूचं आदल्या दिवशी पोचलं, देवाजीचं दुसऱ्या दिवशी. रेंजर साहेबांनी दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली, काचेतून पाहिलं आणि म्हणाले, "हे एकच जनावर आहे. एकाच बीटात धरता येईल." मग जंगूच्या बीटापुढे लिहिलं गेलं, वाघ एक. देवाजीच्या बीटापुढे, निरंक.

निरंक! नऊ वर्षं ज्या वाघिणीसाठी देवाजीने पाणवठा सांभाळला, जिची पिल्लं त्याने दोनदा पाहिली, ती त्याच्या बीटात नाहीच म्हणे. त्याचं डोकं फिरलं. चार लोकांसमोर तो बोलून गेला, "तो ठसा अलीकडच्या काठचा हाय. यानं माह्या बीटातून उचलला."

दुसऱ्याच्या बीटातून ठसा उचलणं ही गार्डांमध्ये चोरीच. जंगूने टोपी उचलली आणि चालता झाला.

पुढच्याच महिन्यात देवाजीने तिचीच पावलं नाला पार करून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेलेली पाहिली. पाहून तो दगडावर बसून राहिला. पण एखाद्या माणसाचं तोंड काही केल्या माघारी वळत नाही, तसं त्याचं झालं. नाल्याच्या वर, दोन बीटांच्या हद्दीवर दगड रचून केलेला मुनारा आहे. दरवर्षी दोघे मिळून त्याला चुना द्यायचे आणि मग तिथेच बसून भाकरी खायचे. भांडणानंतर देवाजी एकदा जाऊन आपल्या बाजूचा अर्धा मुनारा रंगवून आला. चार दिवसांनी पाहतो तर पलीकडचा अर्धाही रंगवलेला, आणि दोन चुन्यांच्या मधे बोटभर कोरी फट. लग्न ठरल्यावर तो दोनदा त्या मुनाऱ्यापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा तिथूनच परतला.

म्हणून हा मेळावा. इथे तरी गाठ पडेल आणि चार माणसांच्या गर्दीत बोलणं सोपं जाईल, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

गाठ पडली ती अशी. देवाजी मान वळवून फाटकाकडे पाहत असताना मांडवाच्या दोराखालून कोणीतरी वाकून आलं आणि त्याच्या छातीवर आदळलं. तो जंगूच होता. जरा वाळलेला, कानावर विडी खोचलेली. दोघांची नजर एक झाली. देवाजीने तोंड उघडलं. मागून कोणीतरी ओरडलं, "अगा, पुढं सरका ना! इथंच बैठक मांडता का?" आणि गर्दीने जंगूला आत ढकलून दिलं.

देवाजीने उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

पहिला दिवस वणव्यावरच्या भाषणांचा होता. फेब्रुवारीत जाळरेषा कशा काढाव्यात, वारा कोणत्या अंगाने आहे ते कसं पाहावं, मोहफुलं वेचणाऱ्यांना झाडाखालचा पाला जाळू नका हे कसं समजावून सांगावं. एरवी देवाजी मन लावून ऐकणारा माणूस. त्या दिवशी त्याला समोरच्या तिसऱ्या रांगेतली एक टोपी तेवढी दिसत होती.

दुपारी पंगत बसली. वरण, भात, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी. लटारू दोघांचाही मित्र. त्याने मुद्दाम दोघांच्या मधली जागा धरली आणि आपण फार मोठी कामगिरी करत असल्यासारखा मांडी घालून बसला.

"लटारू," जंगू पत्रावळीकडे पाहत म्हणाला, "तुह्या बाजूच्या मानसाले मीठ पुढं कराले सांग."

"लटारू," देवाजी म्हणाला, "मीठ त्याच्याच समोर हाय म्हनून सांग."

लटारूने दोन्हीकडे पाहिलं. "मी जेवू का टपाल वाटू? एवढे मोठे वाघाच्या तोंडातून आलेले गडी, अन् मिठाले भेता!"

आजूबाजूचे हसले. जंगूने हात लांब करून मीठ आपलं आपणच घेतलं. देवाजी मनात वाक्य जुळवत होता, 'जंगूभाऊ, कांताचं लगन हाय.' एवढंच तर बोलायचं. पण ते 'भाऊ'पाशी अडकत होतं. ज्याला चारचौघांत चोर म्हटलं त्याला भाऊ कसं म्हणायचं? आणि भाऊ न म्हणता लग्नाला कसं बोलवायचं? वरण वाढणारा दुसऱ्यांदा येऊन गेला तरी त्याचा भात तसाच होता.

तिसऱ्या प्रहरी चहाच्या टपरीवर आणखी एक संधी आली. जंगू एकटा बाकावर बसला होता. देवाजी दोन कप घेऊन निघाला. अर्ध्या वाटेवर गेला आणि बाकावरचा जंगू उठून, पाठ फिरवून, सागवानाच्या थरावरचे शिक्क्यांचे आकडे वाचत उभा राहिला, जणू त्या आकड्यांवर त्याची नोकरी अवलंबून होती. देवाजीने दोन्ही कप स्वतःच पिऊन टाकले.

"झालं का सांगून?" लटारूने संध्याकाळी विचारलं.

"उद्या सांगतो."

"उद्या दुपारी जीपा सुटतेत. तो जाते बीटावर, तू गावाले."

"मालूम हाय मले!" देवाजी खेकसला. मग हळू आवाजात म्हणाला, "पोर उभी नाई राहनार म्हंते, लटारू. तिचं खरं असते."

लटारू इतका वेळ चेष्टा करत होता. आता त्याने सरकून देवाजीला शेजारी बसायला जागा दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धा होती. मेळाव्यात सगळ्यांना जिचं कौतुक असतं ती ही ठसा काढायची स्पर्धा. ठसा काचेवर काढतात तो असा: चार पायांची चौकट, तिच्यात काच बसवलेली. ती चौकट ठशावर ठेवायची, बरोबर वरून एक डोळा मिटून पाहायचं आणि पेनने काचेवर ठशाची कड गिरवायची. एकाने चौकट धरायची आणि उन्हाची तिरीप अडवायची, दुसऱ्याने गिरवायचं. धरणाऱ्याचा हात हलला की ठशातल्या चार बोटांना पाचवं फुटतं. म्हणून दोघांचं जमायला हवं, दोघांनी बोलायला हवं.

स्पर्धा घेणारे वनपाल बापूराव निकुरे, मोठे उत्साही गृहस्थ. त्यांनी जोड्या वाचायला सुरुवात केली. "जोड्या शेजारच्या बीटांच्या राहतील," ते म्हणाले. "जंगलात मदतीला शेजारीच धावतो, तेव्हा इथंही शेजारीच." हे ऐकून देवाजी हळूच लटारूच्या मागे सरकला. थोड्याच वेळात ते वाक्य आलंच. "चिचबोडी आणि कुसुमटोला! सहावी टोपली."

मैदानाच्या कडेला वाळू पसरली होती. वाळूवर ओळीने बांबूच्या टोपल्या पालथ्या घातलेल्या. प्रत्येक टोपलीखाली एक ठसा. खरा वाघ काही डेपोत येऊन ठसे देणार नव्हता, म्हणून बापूरावांनी एक युक्ती केली होती. प्लास्टरचं वाळलेलं पाऊल म्हणजे वाघाचं पाऊलच की. ऑफिसातल्या पेटीतून त्यांनी एक जुनं, धड राहिलेलं पाऊल घेतलं, त्याला लाकडी मूठ ठोकली आणि प्रत्येक टोपलीच्या जागी ते वाळूत दाबून ठसे उमटवले.

शिटी वाजली. टोपल्या उचलल्या गेल्या. देवाजी आणि जंगू सहाव्या टोपलीशी समोरासमोर उकिडवे बसले. एकमेकांकडे न पाहता जंगूने टोपली बाजूला ठेवली.

दोघांनी वाळूत पाहिलं.

बाहेरचं बोट फाकलेलं.

देवाजीच्या हातातली चौकट तशीच राहिली. जंगूने कानावरची विडी काढली, पाहिली आणि परत कानावर ठेवली. शेजारच्या जोड्यांची लगबग चालली होती, "हात धर नीट," "अगा, सावली काढ तुही," आणि हे दोघे वाळूतल्या त्या पावलाकडे बघत बसलेले. मागल्या पावसाळ्यापासून ती वाघीण कोणाला दिसली नव्हती. देवाजीला दिसली नव्हती आणि त्याला वाटत होतं, ती कुसुमटोल्याकडे राहायला गेली. जंगूला दिसली नव्हती आणि त्याला वाटत होतं, ती चिचबोडीतच आहे. विचारायची मात्र दोघांनाही चोरी होती.

देवाजीच्या तोंडून निघून गेलं, "हे तं आपली हाय."

जंगूने मान वर केली. त्याचा आवाज चिरका झाला. "आपली? आपली कवापासून? दोन सालापयले तं तुहीच व्हती!"

"माहीच हाय! हा ठसा माहावाला हाय. अलीकडच्या काठाचा."

"अलीकडचा?" जंगू गुडघ्यावर आला. "हे टाच पाह्य. कशी साफ उमटली. पलीकडची वाळू बारीक हाय, म्हनून उमटली. तुह्या काठाले तं गोटेच गोटे."

"माह्या काठाले गोटे? तुहे डोळे गोट्यायचे!"

"अन् प्लास्टर कोनाचं व्हतं?" जंगू आता उभा राहिला. "तुह्याकडचं भिजून दगड झालं व्हतं. माह्या घरून अर्धी थैली कोन घेऊन गेलं? सोमारीच्या हातचे भात-मासे खाऊन, थैली घेऊन, वर मलेच चोर म्हंते!"

"तवा डोकं फिरलं व्हतं माह्यं!"

"मंग फिरलेलं डोकं जाग्यावर याले दोन साल लागतेत का?"

आता सगळ्या जोड्या थांबल्या होत्या. एकाची काच उन्हात तशीच लटकत राहिली. बापूराव शिटी तोंडात धरून होते, पण फुंकावी की नाही ते त्यांना कळेना. लटारू धावत आला आणि मधे न पडता चार हात दूर उभा राहून ऐकू लागला. इतक्या दिवसांनी हे दोघे एकमेकांशी थेट बोलत होते. त्यात आपण मिठाचा खडा कशाला टाकायचा, एवढी समज त्याला होती.

"मुनाऱ्यापर्यंत आलो व्हतो मी," देवाजी ओरडला. "दोनदा!"

"मुनाऱ्याले येऊन काय? तो का तुले च्या पाजते? माह्यं घर त्याच्यापुढं हाय!"

"तू तं पाह्यलं न पाह्यलं केलं असतं. काल च्या घेऊन आलो तं लाकडं मोजत बसला!"

"दोन कप तूच ढोसले, पाह्यलं मी!"

"पाह्यलं ना? मंग पाह्य!" देवाजीला स्वतःलाही ठाऊक नव्हतं की पुढचं वाक्य काय येणार आहे. "कांताचं लगन हाय पंधरा दिसानं. अन् तू आला नाई तं पाह्यजो!"

डेपोतल्या कुठल्याशा करवतीचा आवाज तेवढा येत राहिला.

जंगूने विचारलं, "तं काय करशील?"

देवाजी गांगरला. आपण काय करू, याचा त्याने विचारच केला नव्हता. धमकी दिल्यावर ती पुरी करता यावी लागते. तो वाळूकडे पाहत पुटपुटला, "तं... तं लगन थांबन. पोर उभी नाई राहनार म्हंते. काका पाह्यजे म्हंते तिले."

जंगूने खिशातून रुमाल काढला. तोंड पुसलं, मान पुसली, मग उगाचच हात पुसले. लटारूकडे वळून म्हणाला, "पाह्यलं का गा, लटारू? लग्नाचं बोलावनं असं करतेत यायच्या घरी. 'आला नाई तं पाह्यजो.' बाप हाय का दरोडेखोर?"

"मले काय विचारते? त्यालेच विचार," लटारू म्हणाला. "माह्यं टपाल बंद झालं."

देवाजीचा धीर सुटत चालला होता. जंगूने हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. अर्ध्या मैदानासमोर तो हातात रिकामी चौकट धरून उभा होता. शेवटी कालपासून अडकलेला शब्द त्याच्या तोंडातून सुटला. "जंगूभाऊ, येशील का नाई, ते सांग."

जंगूने कानावरची विडी पुन्हा चाचपली. मग खाली पाहून म्हणाला, "रजा तं मी सोमवारीच टाकली हाय."

"सोमवारी? तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पाह्यजे? अख्ख्या रेंजले मालूम हाय. येनारा जानारा, पोस्टमन, बाजारातला सुकलू, सारे विचारत, 'काय जंगू, पोरीच्या लग्नाले कवा निघतेस?' मी म्हनो, निघतो, निघतो." तो थांबला. "सोमारीनं तिच्यासाठी लुगडं घेऊन ठेवलं. बोलावनं तेवढं नोयतं."

"अन् मी बोलावलंच नसतं तं? रजेचं काय केलं असतं तू?"

"काय करतो?" जंगू म्हणाला. "रजा घेऊन घरीच बसलो असतो. त्या दिवशी ड्यूटी झाली नसती माह्याच्यानं."

देवाजीने चौकट वाळूवर ठेवली. वाळूत मुंग्यांची एक ओळ त्या पावलाच्या टाचेवरून निघाली होती. ती पाहत तो उभा राहिला आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखा बाही डोळ्यांना लावू लागला. जंगूने त्याच्या दंडाला धरलं आणि जोरात हलवलं, एखादं झाड किती पक्कं आहे ते पाहावं तसं.

"चाल, बस खाली. वेळ जाऊन राह्यला."

दोघे पुन्हा उकिडवे बसले. जंगूने चौकट धरली आणि आपल्या पाठीने ऊन अडवलं. देवाजीने एक डोळा मिटून गिरवायला घेतलं. अर्धी कड झाली आणि शिटी वाजली. बापूराव काचा गोळा करत आले. त्यांनी सहाव्या टोपलीची काच वर धरली. तिच्यावर अडीच बोटं होती.

"हे काय आहे?" ते म्हणाले. "इतका वेळ तुम्ही केलं काय?"

"साहेब, लग्नाचं बोलावनं चालू व्हतं," लटारू म्हणाला.

"आणि नर की मादी?"

"मादी," दोघे एकदम म्हणाले.

"ठसा कोनाच्या बीटातला, ते मातर तुमीच सांगा आमाले," देवाजी म्हणाला. बोलताना त्याने जंगूकडे पाहिलं. "पाऊल ऑफिसच्या पेटीतलं हाय ना?"

बापूरावांनी मुठीचं ते पाऊल उलटून पाहिलं. मागे बीटाचं नाव कधीकाळी शिसपेनने लिहिलेलं असावं. आता तिथे मूठ ठोकलेली होती आणि चुऱ्यात एक काना-मात्रा तेवढी उरलेली. काना-मात्रा दोघांच्याही बीटांच्या नावांत होती. "काही सांगता येत नाही बुवा," ते म्हणाले.

"राहू द्या," जंगू म्हणाला. "नाल्याले काय कुंपन हाय?"

पहिला नंबर ताडोब्याकडच्या एका जोडीला गेला. देवाजी-जंगूला कोणी उत्तेजनार्थसुद्धा विचारलं नाही. बक्षिसाच्या टाळ्या चालू होत्या तेव्हा ते दोघे मांडवाच्या मागे, उलट्या घमेल्यांवर बसून एकाच विडीवर आळीपाळीने झुरके घेत होते. देवाजीचं बोलणं आता थांबत नव्हतं. मांडव कुठे घालायचा, स्वयंपाकाला कोण, मनकर्णाने नवरीसाठी बौद्ध रीतीची पांढरी साडी नागपूरहून कशी आणवली, वरातीच्या बँडवाल्याने कसा नकार दिला आणि मग कसा तयार झाला. जंगू ऐकत होता आणि मधेच हुंकार देत होता.

"मांडवावर हिरवे डाळे कोनते टाकनार?" त्याने विचारलं.

"जांभळीचे. रीतच हाय ना आपल्याकडं."

"कुठून तोडशील? तू गार्ड, मी गार्ड."

ही अडचण देवाजीच्या ध्यानातच आली नव्हती.

"गावाच्या बोडीच्या पाण्याकाठी माह्या भावाच्या मालकीची हाय एक जांभूळ," तो थोड्या वेळाने म्हणाला. "परवानगी मी घेतो."

"लेखी घेजो," जंगू म्हणाला. "नाई तं मले पंचनामा करा लागन, अन् पोरीच्या लग्नात बरं नाई दिसत."

जीपा लागल्याची हाक आली. कोणी सामान उचललं, कोणी पाण्याच्या बाटल्या भरल्या. जंगूची जीप आधी सुटणार होती. देवाजी त्याची पिशवी घेऊन तिच्यापर्यंत गेला. जंगू मागच्या फळीवर चढून बसला, शेजारच्याला सरकायला लावलं आणि मग काहीतरी राहून गेल्यासारखा वाकला.

"पोरगा काय करते?"

"मास्तर हाय. आरमोरीकडं."

"ते ऐकलं मी. चाल कशी हाय त्याची?"

देवाजीने आठवून पाहिलं. जावयाला पाहायला गेले तेव्हा तो विहिरीवरून पाण्याची कळशी घेऊन आला होता, अंगणातल्या ओल्या मातीतून. "सीधा टाकते पाय," तो म्हणाला. "दोनी सारखे पडतेत. टाच घासत नाई."

"तुह्या डोळ्याचा भरोसा नाई मले," जंगू म्हणाला. जीप सुरू झाली, म्हणून त्याला ओरडावं लागलं. "दोन दिस पयलेच येतो मी. सोमारीलेबी आनतो. अंगनात सडा घालून ठेवजो, अन् त्याले त्याच्यावरून चालव एकदा!"

"येजो!" देवाजी ओरडला. "नाई आला तं पाह्यजो!"

धुरळा खाली बसेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग त्याने लटारूला हाक मारली आणि ब्रह्मपुरीची एस.टी. किती वाजता आहे ते तिसऱ्यांदा विचारलं.